आवारातला पारिजातक: काळ्या जमिनीतल्या लागवडीपासून रोहिणीतल्या छाटणीपर्यंत

पारिजातक लावण्याआधी एक गोष्ट पक्की ठाऊक असावी: हे पानझडी झुडूप आहे. विदर्भात फेब्रुवारी लागला की त्याची पाने पिवळी पडून गळू लागतात आणि एप्रिल-मेमध्ये बहुतेक झाडांवर नुसत्या काटक्या उरतात. या काळात दोन प्रकारे झाडे जातात. एक तर वाळले समजून कुणीतरी कुऱ्हाड घालते, नाहीतर पाने फुटावीत म्हणून रोज बादलीभर पाणी ओतले जाते. रोजच्या पाण्याने एप्रिलमध्ये कोवळी फूट येते, ती ४४-४५ अंशांच्या उन्हात करपते आणि काळ्या जमिनीत मुळ्या कुजायला लागतात ते वेगळेच. झाड जिवंत आहे की नाही हे पाहायला बोटाएवढ्या फांदीची साल नखाने हलकेच खरवडावी. आत ओलसर हिरवे दिसले तर झाड विश्रांती घेत आहे. तपकिरी आणि कोरडे लागले तर तीच खूण खाली खाली सरकत तपासावी. कित्येकदा शेंडे मेलेले असतात आणि बुंधा चांगला हिरवा असतो.

ही विश्रांती मान्य केली की हे झाड बाराही महिने पाहण्यासारखे ठेवता येते. मृगाच्या पावसानंतर जोडीजोडीने नवी पाने फुटतात, ऑगस्टपासून कळ्या धरतात, सप्टेंबर ते नोव्हेंबर म्हणजे नवरात्र, कोजागिरी आणि दिवाळीच्या दिवसांत बहर भरात असतो, आणि डिसेंबरपर्यंत थोडी थोडी फुले येत राहतात. फुलांच्या मागोमाग नाण्यासारखी चपटी हिरवी फळे लागतात, ती हिवाळ्यात तपकिरी होतात आणि पाने गेल्यावरही बराच काळ फांद्यांवर टिकतात. उन्हाळ्यात दिसतो तो सांगाडा: करडी साल आणि चौकोनी कडांच्या कोवळ्या फांद्या. तो सुंदर दिसेल की झाडूसारखा गुंताडा, हे छाटणीवर ठरते.

जागा

निदान ५-६ तास ऊन मिळेल अशी जागा हवी. कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या सावलीत पारिजातक उंच, लुकडा होतो आणि फुले कमी देतो. सकाळचे ऊन मिळणारी, आवाराची पूर्वेकडची बाजू सर्वांत बरी. पश्चिमेची सिमेंटची भिंत किंवा टिनाचे शेड टाळावे. मे महिन्यात त्याच्या धगीने साल भाजते. भिंतीपासून अडीच ते तीन मीटर अंतर ठेवावे. धुऱ्यावर किंवा कुंपणालगत ओळीने लावायचे असल्यास दोन झाडांत २ मीटर पुरेत.

फुले संध्याकाळी उमलतात आणि पहाटे गळतात, म्हणून ओसरी, ओटा किंवा झोपायच्या खोलीची खिडकी जवळ असेल तिथे लावण्यात अर्थ आहे. गोठ्याच्या मागे लावलेल्या पारिजातकाचा वास कुणाच्याच वाट्याला येत नाही. मात्र उन्हाळ्याच्या सावलीसाठी या झाडावर भिस्त ठेवू नये. सावली लागते तेव्हाच त्याला पाने नसतात.

जमीन: इथेच बहुतेक रोपे जातात

मध्य भारताच्या कोरड्या, खडकाळ डोंगरउतारांवर हे झुडूप रानात आपोआप वाढते. म्हणजे त्याला हलकी माती चालते, दुष्काळ चालतो, पण साचलेले पाणी चालत नाही. अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्ध्याची भारी काळी जमीन पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून बारीक मुळ्या तोडते.

भारी जमिनीत दोन फूट खोल खड्डा खणून त्यात नुसता मुरूम आणि शेणखत भरण्याची पद्धत सर्रास दिसते. ती चुकीची आहे. भोवतीची काळी माती पाणी सोडत नाही, आत मोकळा मुरूम असतो, त्यामुळे सगळ्या बाजूंचे पाणी त्या खड्ड्यात येऊन हौदासारखे साठते. ऑगस्टमध्ये रोप पिवळे पडते आणि कारण शोधत माणूस खतांच्या दुकानात जातो.

काळ्या जमिनीत खड्डा उथळ ठेवावा आणि वर उंचवटा करावा. एप्रिलमध्ये ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि फक्त ४५ सेंटिमीटर खोल खणून माती महिनाभर तापू द्यावी. मेच्या शेवटी निघालेल्या मातीत २ घमेली बारीक मुरूम, चांगले कुजलेले १० किलो शेणखत, १ किलो निंबोळी पेंड आणि २५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मिसळावे. खड्डा भरून राहिलेल्या मातीचा सुमारे सव्वा मीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच उंचवटा करावा. पहिल्या पावसात तो ८-१० सेंटिमीटर दबतोच, म्हणून उंची कमी धरू नये. शेणखत अर्धकच्चे असेल तर टाकूच नये, त्यात हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात.

मुरमाड किंवा खडकाळ जमिनीत उलटे करावे. तिथे पाणी साचण्याची भीती कमी, मुळ्या अडण्याची जास्त. ७५ सेंटिमीटरपर्यंत खणून तळाचा कडक थर सब्बलीने फोडावा आणि भरताना निम्मी काळी माती मिसळावी. उंचवट्याची गरज नाही.

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरचे खारे पाणी पारिजातकाला देऊ नये, पानांच्या कडा जळतात. तिथे उंचवटा हवाच, खड्ड्यात १ किलो जिप्सम मिसळावे आणि छपराचे साठवलेले पावसाचे पाणी उन्हाळ्यासाठी राखून ठेवावे.

रोप कुठून आणावे

सर्वांत सोपी वाट म्हणजे गावातले जुने झाड. जुलैमध्ये त्याच्या खाली गेल्या वर्षीच्या बियांची रोपे उगवलेली असतात. चार ते सहा पाने असलेले रोप संध्याकाळी खुरप्याने मातीच्या गोळ्यासकट उचलून पिशवीत लावावे आणि दोन आठवडे सावलीत ठेवावे.

बी धरायचे असेल तर झाडावरचीच तपकिरी झालेली फळे तोडावीत. खाली पडलेली बहुधा किडलेली असतात. प्रत्येक फळाचे दोन भाग होतात आणि प्रत्येकात एकच चपटे बी निघते. ते रात्रभर पाण्यात भिजवून, तरंगणारे टाकून, २ भाग माती, १ भाग वाळू आणि १ भाग शेणखताच्या मिश्रणात १ सेंटिमीटर खोल लावावे. दोन ते चार आठवड्यांत उगवते. मार्चमध्ये लावून रोपे सावलीत जगवली तर पावसाळ्याच्या मध्यापर्यंत ती लावण्याजोगी होतात. बियांच्या झाडाला साधारण तिसऱ्या पावसाळ्यात फुले येतात.

ज्या झाडाची फुले मोठी आणि भरपूर, त्याच झाडाचे हवे असेल तर छाट कलम करावे. छाटणीत निघालेल्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांचे १५ ते २० सेंटिमीटरचे, तीन-चार पेऱ्यांचे तुकडे घ्यावेत, खालचा काप पेऱ्याच्या लगेच खाली घ्यावा आणि निम्मा भाग ओलसर वाळूत पुरावा. मुळे फुटण्याची पावडर लावल्यास बरे. सगळे तुकडे रुजत नाहीत, म्हणून गरजेच्या तिप्पट लावावेत. पाने फुटली म्हणून लगेच उपटून पाहू नये. साठवलेल्या अन्नावर आधी पाने येतात, मुळे नंतर. हलके ओढल्यावर तुकडा घट्ट वाटला तरच मुळे आली समजावीत. जमिनीलगतची लवचिक फांदी पावसाळ्यात मातीत दाबून दाब कलमही करता येते, त्यात रोप वाया जाण्याची भीती कमी.

लावणी

पहिल्या पावसाला लावू नये. जमिनीच्या भेगा बुजल्या, दोन-तीन चांगले पाऊस झाले आणि वाफसा आला की लावावे. बहुतेक वर्षी तो काळ जूनचा शेवट ते जुलैचा मध्य असतो. चिखलात लावलेल्या रोपाभोवतीची काळी माती वाळल्यावर विटेसारखी आवळते. एक ते दीड फुटाचे रोप निवडावे. पिशवीच्या तळाशी मुळ्यांचे वेटोळे झाले असेल तर ते कापून टाकावे, नाहीतर मुळ्या वर्षानुवर्षे तिथेच गोल फिरत राहतात. रोप पिशवीत जेवढे खोल होते तेवढेच मातीत जावे. बांबूची काठी रोवून आठच्या आकड्यात सुतळी बांधावी.

आळे संत्र्याला करतात तसे दुहेरी करावे. खोडाभोवती वीतभर अंतरावर मातीचे पहिले कडे, त्याबाहेर दोन फुटांवर दुसरे. पाणी दोन कड्यांच्या मधल्या पट्ट्यात द्यावे, खोड कोरडे राहावे. बुंध्याजवळची कूज याने बऱ्याच अंशी टळते. पावसाळ्यात बाहेरचे कडे उताराच्या बाजूने फोडून ठेवावे.

खरखरीत पानांना शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, पण मोकळी गुरे अंग घासून रोप मोडतात. बाभळीच्या काट्यांचे कुंपण दोन वर्षे ठेवावे.

पहिला उन्हाळा

पावसाळ्यातून वाचलेले रोप पहिल्या मे महिन्यात जाते. मार्च लागताच पश्चिमेला आणि दक्षिणेला तुराट्यांचा एक मीटर उंच आडोसा उभारावा. पूर्व आणि वरची बाजू मोकळी ठेवावी. आळ्यात सोयाबीनचे कुटार ३-४ इंच पसरावे, खोडापासून चार बोटे दूर. कुटार खोडाला चिकटले की वाळवी सालीवर चढते. पऱ्हाट्या मात्र आच्छादनाला वापरू नयेत, त्यांच्या वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात शेजारच्याच कपाशीवर जाते.

पाण्याचे माप साधारण असे: पहिल्या हिवाळ्यात ८-१० दिवसांनी १० लिटर, पहिल्या उन्हाळ्यात काळ्या जमिनीत ५ दिवसांनी आणि मुरमाडीत ३ दिवसांनी १५ लिटर. दुसऱ्या उन्हाळ्यात १० दिवसांनी २० लिटर. तिसऱ्या वर्षापासून खोल जमिनीत महिन्यातून एकदा दिले तरी चालते, आणि पाने गळलेली असताना तर कमीच. विहीर आटणाऱ्या गावात मटका सोयीचा. ७-८ लिटरचा, न भाजल्यासारखा कच्चा नको आणि रंगवलेलाही नको, असा साधा मटका खोडापासून दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरावा, तोंडावर खापर ठेवावे आणि चार-पाच दिवसांनी भरावा. न्हाणीचे साबणाचे पाणी एकाच आळ्यात रोज सोडू नये.

एक पाणी मात्र मोठ्या झाडालाही चुकवू नये. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कळ्या धरल्यावर पावसाने १२-१५ दिवस दडी मारली तर २५-३० लिटर पाणी द्यावे. त्या खंडात तहानलेले झाड आधी कळ्या टाकते आणि त्या वर्षीचा पहिला बहर जातो.

छाटणी

पारिजातकाची फुले त्याच हंगामात वाढलेल्या नव्या फांद्यांच्या टोकांकडे येतात. छाटणीचे सगळे नियम यातून निघतात. जुलैनंतर कात्री लावली तर कळ्याच कापल्या जातात. कधीच छाटले नाही तर नवी वाढ दरवर्षी उंच सरकते, फुले १५ फुटांवर जातात आणि खाली नुसते लाकूड राहते.

मुख्य छाटणीसाठी रोहिणी नक्षत्राचा काळ, म्हणजे २५ मे ते मृग लागेपर्यंतचे दिवस, आमच्या मते सर्वांत योग्य. तेव्हा झाड उघडे असते, कुठली फांदी कुठे जाते ते स्पष्ट दिसते, उन्हाळाभर फळांच्या जुड्या पाहून झालेल्या असतात आणि छाटल्यावर आठ-पंधरा दिवसांत पाऊस येतो, त्यामुळे नव्या फुटीला वेगळे पाणी लागत नाही. फेब्रुवारीत छाटणारे पुष्कळ आहेत. हाताशी भरपूर पाणी असेल तर ते चालते, पण कोरडवाहू आवारात तशी छाटणी केल्यास मार्चमध्ये आलेली फूट उन्हात जळते आणि झाडाचे साठवलेले बळ वाया जाते. फेब्रुवारीत फक्त मेलेल्या काटक्या काढाव्यात.

पहिल्या वर्षी रोप दीड-दोन फूट झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बुडातून फांद्या फुटतात. दुसऱ्या रोहिणीत त्यांतल्या वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या तीन ते पाच ठेवून बाकीच्या बुडापासून काढाव्यात आणि ठेवलेल्या एक तृतीयांश कापाव्यात. उन्हाळ्यातला सांगाडा देखणा होतो तो याच निवडीने. एकच खोड ठेवण्यापेक्षा अनेक खोडांचे झुडूप विदर्भात टिकाऊ ठरते, कारण एखादे खोड भाजले किंवा वाळवीने खाल्ले तरी बाकीची राहतात.

त्यानंतर दरवर्षी गेल्या हंगामात फुललेली प्रत्येक फांदी बुडाशी दोन-तीन पेरी ठेवून कापावी. पारिजातकाचे डोळे समोरासमोर जोडीने असतात, त्यामुळे प्रत्येक कापाखालून दोन फांद्या निघतात, एक बाहेर आणि एक आत. आतली फूट बोटभर असतानाच, जूनच्या शेवटी, अंगठ्याने चोळून काढावी. हे पाच मिनिटांचे काम केले नाही तर दोन वर्षांत मधला भाग गच्च होतो आणि तिथेच पिठ्या ढेकूण बसतो. उंची डोक्याच्या थोडी वर, सात-आठ फुटांवर राखावी.

अंगठ्यापेक्षा जाड कापांवर बोर्डो मलम लावावे: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या डब्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात भिजवून मग एकत्र करावे. लोखंडी भांडे वापरू नये. उरलेले मलम खोडाला दोन फुटांपर्यंत लावले तर ते उन्हापासूनही राखते.

जुने, लाकडी झालेले झाड एकदम सपाट कापू नये. तीन वर्षांत दरवर्षी एक तृतीयांश जुनी खोडे जमिनीपासून एक फुटावर करवतीने कापावीत. पारिजातक बुडातून जोमाने फुटतो, त्यामुळे तिसऱ्या वर्षी पूर्ण झुडूप नवे झालेले असते आणि एकही बहर पूर्ण बुडत नाही.

खाली काय लावावे

पानझडी झाडाखालची जागा वर्षातून दोनदा बदलते, उन्हाळ्यात उघडी आणि पावसाळ्यात सावलीची. या दोन्हींना साजेसा सोबती म्हणजे भुईचाफा. त्याची फुले उन्हाळ्याच्या शेवटी उघड्या जमिनीतून वर येतात, पाने पावसाळ्यात सावलीत वाढतात आणि हिवाळ्यात कंद झोपतो. कडेने पावसाळी लिलीचे कंद लावले तर पहिल्या सरींना गुलाबी फुले येतात. आळ्याबाहेर दक्षिणेला मोगऱ्याची दोन झुडपे असावीत. मार्च ते जून, म्हणजे पारिजातक मुका असताना, सुगंधाचे काम तो करतो. सावलीच्या पट्ट्यात हळदही उत्तम येते. वर्धा जिल्ह्यातल्या वायगाव हळदीचे, जिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, बेणे मिळाले तर तेच लावावे.

खत, पिवळेपणा आणि किडी

तिसऱ्या वर्षापासून जूनमध्ये १० किलो शेणखत आणि ५०० ग्रॅम निंबोळी पेंड पुरते. कपाशीला आणलेला युरिया हाताशी असतो म्हणून टाकू नये, पाने गर्द होतात आणि बहर उशिरा, विरळ येतो.

पाने पिवळी पडली तर आधी कुठली पडली ते पाहावे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर चुनखडीमुळे लोह मिळत नाही. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारावे, पंधरा दिवसांनी पुन्हा. खालची जुनी पाने पिवळी पडून गळत असतील आणि मातीला आंबूस वास येत असेल तर पाणी साचले आहे. तिथे फवारणीचा काही उपयोग नाही, आळे फोडून चर काढावा. फेब्रुवारीतली पिवळी पाने हा रोग नव्हे.

पावसाळ्यात पाने कडेपासून झपाट्याने खाल्लेली आणि खाली काळ्या, जाड लेंड्या दिसल्या की शेपटाला शिंग असलेली, अंगावर तिरपे पट्टे असलेली बोटाएवढी अळी शोधावी. पाठीवर कवटीची खूण असलेल्या पतंगाची ही अळी तिळावरही येते. झाडावर दोन-चारच असतात, हाताने वेचाव्यात. केसाळ अळ्या दिवसा खोडावर थव्याने बसतात. त्यांना हात लावू नये, अंगाला खाज सुटते. ओल्या गोणपाटाने पुसून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. पिठ्या ढेकणासाठी ५ टक्के निंबोळी अर्क: ५०० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, २० ग्रॅम साबणपूड घालून १० लिटर करावे आणि संध्याकाळी फवारावे. खोडावर वाळवीची मातीची नळी दिसली तर ती खरवडून बोर्डो मलम लावावे आणि बुंध्याजवळचे कुटार मागे सारावे.

फुले

पारिजातकाची जमिनीवर पडलेली फुलेही पूजेला चालतात, म्हणून झाडाखालची जागा सारवून ठेवावी किंवा रात्री धुतलेले पातळ अंथरावे. पहाटे उशीर केला तर उन्हाने पाकळ्या मलूल होतात. केशरी देठ वाया घालवू नयेत. पाकळ्या खुडून देठ सावलीत वाळवावेत आणि घट्ट बरणीत ठेवावेत. त्यांतून केशरी-पिवळा रंग निघतो. मूठभर देठ लिटरभर पाण्यात अर्धा तास मंद उकळून गाळावेत, सुती कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून मग त्या रंगात घालावे. तुरटीनेही हा रंग फार पक्का होत नाही, म्हणून असे कापड वेगळे धुवावे आणि सावलीत वाळवावे.